अ‍ॅनिमेशनपटात आपोआप काहीच घडत नाही

खऱ्या माणसांना घेऊन केलेल्या चित्रपटात नायिका बागेतून चालत जाते, तेव्हा कॅमेऱ्याला कितीतरी गोष्टी न मागता मिळत असतात. तिच्या केसांतून वारा जातो, बाहीला चुण्या पडतात, झाडाची सावली खांद्यावरून सरकते, पावलाखाली वाळलेले पान चुरडते. यांतले बरेचसे दिग्दर्शकाने सांगितलेलेही नसते. ते जगातच असते आणि कॅमेरा ते टिपतो. अ‍ॅनिमेशनपटात असे काहीही आयते मिळत नाही. कोणीतरी ठरवल्याशिवाय केस हलत नाहीत, सावली पडत नाही, आणि सावली पडली नाही तर पात्र जमिनीवर उभे असल्यासारखे न दिसता अधांतरी तरंगताना दिसते. दीड तासाचा एक मोठा अ‍ॅनिमेशनपट करायला काही शे माणसांना साधारण तीन ते पाच वर्षे का लागतात, याचे मूळ या एका गोष्टीत आहे. ‘आता तर सगळे संगणकच करतो’ असा समज सर्रास आढळतो आणि तो या कलेवर अन्याय करणारा आहे. म्हणूनच ही प्रक्रिया तिच्या क्रमाने, आणि तो क्रम तसाच का आहे याच्या कारणांसह, येथे मांडत आहे.

आधी हालचालीचा पाया पाहू. पडद्यावर दर सेकंदाला २४ स्थिर चित्रे, म्हणजे २४ फ्रेम, एकामागून एक दाखवल्या जातात. ९० मिनिटांच्या चित्रपटात अशा १,२९,६०० फ्रेम होतात. एक चित्र डोळ्यात क्षणभर रेंगाळते, त्यात पुढचे मिसळते आणि म्हणून हालचाल दिसते, असे स्पष्टीकरण पूर्वापार दिले जाते, पण ते अपुरे आहे. चित्रे नुसतीच एकमेकांत मिसळली असती, तर आपल्याला हालचालीऐवजी गिचमिड दिसली असती. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले की, शेजारी शेजारी असलेल्या दोन रेघा अगदी थोड्या कालांतराने आळीपाळीने दाखवल्या, तर पाहणाऱ्याला एकच रेघ इकडून तिकडे सरकल्यासारखी दिसते. दोन चित्रांच्या मधली हालचाल, जी प्रत्यक्षात कोठेच नसते, ती मेंदू स्वतः रचतो. अ‍ॅनिमेटरचे सारे कौशल्य मेंदूच्या या रचनेला नेमका आधार पुरवण्यात आहे. हाताने काढलेल्या चित्रपटांत पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेम दाखवले जाते, म्हणजे सेकंदाला बारा चित्रांत काम भागते. फार जलद हालचालींना मात्र बहुधा प्रत्येक फ्रेमसाठी नवे चित्र लागते. हे तत्त्व चित्रपटगृहांपेक्षा जुने आहे. एमिल रेनो या फ्रेंच संशोधकाने २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसमध्ये हाताने रंगवलेल्या चित्रांची लांब पट्टी पडद्यावर प्रक्षेपित करून प्रेक्षकांना हलती चित्रे दाखवली होती. ल्युमिए बंधूंचा प्रसिद्ध जाहीर खेळ त्यानंतर तीन वर्षांनी, १८९५ मध्ये झाला.

सुरुवातीच्या काळात प्रत्येक फ्रेमसाठी पात्राबरोबर मागची भिंत, झाड, क्षितिजाची रेषा हे सारे पुन्हा पुन्हा काढावे लागे. अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये एका पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि हे ओझे उतरले. पात्र पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर काढायचे, पार्श्वभूमी एकदाच रंगवून खाली ठेवायची, आणि वरचा ताव बदलत छायाचित्रे घेत जायचे, अशी ती पद्धत होती. पुढची अनेक दशके हाताने काढलेले चित्रपट याच पायावर उभे राहिले. मुख्य अ‍ॅनिमेटर एखाद्या हालचालीतली महत्त्वाची चित्रे काढत असे, सहायक त्यांच्या मधली चित्रे भरत, तिसऱ्या विभागात रेषा स्वच्छ होत, चौथ्यात त्या सेल्युलॉइडवर शाईने उतरवून मागच्या बाजूने रंग भरला जाई. २१ डिसेंबर १९३७ रोजी प्रथम प्रदर्शित झालेला डिस्नेचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ असाच तयार झाला. त्यात खोलीचा भास निर्माण करण्यासाठी काचेच्या अनेक थरांवर वेगवेगळी चित्रे ठेवून वरून छायाचित्रण करणारा खास कॅमेराही वापरला गेला. जवळचा थर वेगाने आणि दूरचा थर संथपणे सरकवला की सपाट चित्रांतून जंगलात शिरल्यासारखे वाटते. हाताने चित्रे काढण्याची ही परंपरा आजही जिवंत आहे; सेल्युलॉइडच्या आणि शाईच्या जागी पुष्कळ ठिकाणी डिजिटल पाटी आली, इतकेच.

दुसरी परंपरा बाहुल्यांची, जिला स्टॉप मोशन म्हणतात. धातूच्या सांध्यांचा सांगाडा आतून बसवलेली बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायची, असे हे काम चालते. येथे प्रकाश खरा असतो, कापड खरे असते, सावलीही खरी पडते. त्या बदल्यात गुरुत्वाकर्षणही खरेच असते, त्यामुळे उडी मारणारी बाहुली हवेत टिकवण्यासाठी तिला आधार द्यावा लागतो आणि तो आधार नंतर चित्रातून पुसावा लागतो. चेहऱ्यावरचे भाव बदलण्यासाठी अनेक चित्रपटांत चेहऱ्याचे सुटे भाग बदलले जातात. २००९ सालच्या ‘कोरलाइन’ या चित्रपटात असे भाग त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर तयार केले होते. या प्रकाराबद्दल मला विशेष आदर वाटतो, कारण यात मागे जाण्याची सोय जवळजवळ नसते. महत्त्वाची चित्रे आधी आणि मधली नंतर असे येथे करता येत नाही. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत सलगच जावे लागते, आणि शेकडो फ्रेम झाल्यावर दिव्याला धक्का लागला तर बहुधा सगळे पुन्हा करावे लागते.

तंत्र कोणतेही असले, तरी चित्रपटाचा पहिला आकार कथाविभागात घडतो. पटकथा लिहिली जाते, पण ती अखेरपर्यंत कायम राहील असे कोणी गृहीत धरत नाही. कथाचित्रकार प्रसंगामागून प्रसंग झरझर कच्च्या रेषांत काढतात आणि ती चित्रे क्रमाने लावतात. याला स्टोरीबोर्ड म्हणतात. भिंतीवरच्या फळ्यांना टाचण्यांनी चित्रे लावण्याची ही रीत १९३०च्या दशकाच्या आरंभी डिस्नेच्या स्टुडिओत रुळली. टाचणी काढली की चित्र हलवता येते, फेकता येते, त्याच्या जागी दुसरे लावता येते. या साध्या सोयीत तिचे सामर्थ्य होते. कथाचित्रकार दिग्दर्शकासमोर उभा राहून सगळ्या पात्रांचे संवाद स्वतः म्हणत तो प्रसंग सादर करतो, आणि ऐकणाऱ्यांना कंटाळा आला तर ते तेथेच उघड होते.

यानंतर ही चित्रे संकलकाकडे जातात. तो प्रत्येक चित्र किती सेकंद दिसावे हे ठरवतो, स्टुडिओतल्याच माणसांच्या आवाजात तात्पुरते संवाद घालतो, तात्पुरते संगीत आणि ध्वनी जोडतो. असे तयार होणारे कच्चे चलचित्र म्हणजे अ‍ॅनिमॅटिक. माझ्या मते साध्या चित्रपटात आणि अ‍ॅनिमेशनपटात सर्वांत मोठा फरक येथे आहे. साध्या चित्रपटात आधी चित्रीकरण होते आणि मग संकलन. अ‍ॅनिमेशनपटात संकलन बऱ्याच अंशी आधी होते आणि मग ‘चित्रीकरण’. खऱ्या नटांकडून एक दृश्य दहा वेळा करून घेऊन त्यातले उत्तम ते निवडता येते. अ‍ॅनिमेशनमध्ये दहा सेकंदांचे जास्तीचे दृश्य तयार करणे म्हणजे कित्येक माणसांचे कित्येक आठवड्यांचे श्रम वाया घालवणे होय. त्यामुळे संपूर्ण चित्रपट कच्च्या चित्रांच्या रूपात आधी पाहिला जातो, मोडला जातो आणि पुन्हा बांधला जातो, तोही एकदा नव्हे तर अनेकदा.

याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट ‘टॉय स्टोरी’. त्याच्या अ‍ॅनिमॅटिकचा एक भाग पिक्सारच्या चमूने १९ नोव्हेंबर १९९३ रोजी डिस्नेच्या वरिष्ठांना दाखवला. त्यात वुडी हा मुख्य बाहुला इतका कुजका आणि उद्धट झाला होता की, प्रेक्षकाला त्याच्याविषयी आपुलकी वाटणेच शक्य नव्हते. काम थांबवण्यात आले, कथा नव्याने लिहिली गेली, आणि तोच वुडी चुका करणारा पण मनाचा चांगला असा झाला. चित्रपट २२ नोव्हेंबर १९९५ रोजी प्रदर्शित झाला. ही चूक कच्च्या चित्रांमध्ये सापडली म्हणून दुरुस्त करता आली. तीच तयार दृश्यांमध्ये सापडली असती, तर चित्रपट कदाचित पुरा झालाच नसता. स्टुडिओतली सगळी व्यवस्था याच हिशेबाने आखलेली असते: पुढच्या टप्प्यावर बदल करणे मागच्या टप्प्याहून कितीतरी महाग पडते, म्हणून चुका शक्य तेवढ्या लवकर होऊ द्यायच्या आणि लवकरच पकडायच्या.

कलाकारांचे खरे आवाजही बहुतेक ठिकाणी अ‍ॅनिमेशनच्या आधी ध्वनिमुद्रित केले जातात. अनेकांना हे उलटे वाटते, कारण आपल्याला डबिंगची, म्हणजे तयार चित्रावर आवाज चढवण्याची, सवय आहे; जपानमध्ये तर मूळ चित्रपटांचे आवाजही पुष्कळदा चित्रे तयार झाल्यावरच घेतले जातात. आवाज आधी घेण्याचा फायदा असा की, नटाने घेतलेला श्वास, शब्दापूर्वीची अडखळ, वाक्याच्या मध्येच सुटलेले हसू यांवरून अ‍ॅनिमेटरला अभिनयाची लय सापडते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी नटाचे चित्रीकरणही केले जाते आणि त्याच्या भुवया, हातवारे यांचा अभ्यास होतो. ओठांच्या हालचालींसाठी प्रत्येक ध्वनीचा वेगळा आकार लागत नाही. साधारण डझनभर आकारांत बहुतेक बोलणे बसते. मात्र आपल्या वर्णमालेतल्या प-वर्गाचे ध्वनी, म्हणजे प, ब, भ, म यांसारखे ओष्ठ्य वर्ण, यांच्या वेळी ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत. ते मिटले नाहीत तर प्रेक्षकाला नेमके काय चुकले हे सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे लगेच जाणवते. तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवण्याची रीतही जुनी आहे.

कथा आकार घेत असतानाच कलाविभाग पात्रे, घरे, झाडे, रंग यांची आखणी करत असतो. पात्र नुसत्या काळ्या छायाकृतीतही ओळखू यावे, अशी त्यात एक नेहमीची कसोटी असते. संपूर्ण चित्रपटाचे रंग कथेच्या भावनेनुसार कसे बदलत जातील, याचाही छोट्या छोट्या चित्रांचा एक पट तयार केला जातो.

संगणकीय चित्रपटात यापुढे पात्राला शरीर मिळते. मॉडेलिंगमध्ये पात्राचा पृष्ठभाग लहान लहान चौकोनांच्या जाळीने बनवला जातो. एडविन कॅटमल आणि जेम्स क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेली, अशा ओबडधोबड जाळीचे पुन्हा पुन्हा विभाजन करून तिला गुळगुळीत करण्याची गणिती रीत आजही या कामाचा कणा आहे. पण हे शरीर पुतळ्यासारखे निश्चल असते. त्याला हलता येईल असे करण्याच्या कामाला रिगिंग म्हणतात. रिगर पात्राच्या आत हाडांचा सांगाडा बसवतो, कोणत्या हाडाबरोबर त्वचेचा कोणता भाग किती सरकेल हे ठरवतो, आणि बाहेर नियंत्रणे देतो. कळसूत्री बाहुलीला जशा दोऱ्या, तशी ही नियंत्रणे, फक्त त्यांची संख्या प्रचंड असते. ‘टॉय स्टोरी’तल्या वुडीला अशी सातशेहून अधिक नियंत्रणे होती आणि त्यांतली दोनशेहून अधिक एकट्या चेहऱ्यासाठी होती. हे काम प्रेक्षकाला कधीच दिसत नाही, आणि तरीही ते फसले तर सगळे फसते: कोपर वाकवले की ते रबरी नळीसारखे चपटे होते, हसताना गाल वर न चढता नुसतेच ओठ ताणले जातात, आणि उत्तम अ‍ॅनिमेटरचा अभिनयही खोटा दिसू लागतो.

पृष्ठभागाचे गुणधर्म ठरवणारा विभाग वेगळा असतो. लाकूड प्रकाश कसा परतवते, ओला दगड कसा चमकतो, लोकर प्रकाश कसा शोषते, हे तेथे ठरते. त्वचा यांत सर्वांत अवघड आहे, कारण प्रकाश तिच्यावरून नुसता परत फिरत नाही. थोडा आत शिरतो, आतल्या आत विखुरतो आणि मग बाहेर येतो. कानामागे दिवा असला की कानाची पाळी लालसर दिसते ती यामुळेच. प्रकाशाचे हे विखुरणे गणितात धरले नाही, तर माणूस प्लास्टिकचा वाटतो. पहिल्या संगणकीय चित्रपटाचे नायक खेळणी होते, याचे एक कारण हेच आहे की, त्या काळच्या तंत्राला प्लास्टिक छान जमत होते.

लेआउटच्या टप्प्यावर आभासी कॅमेरा येतो. हा कॅमेरा भिंतीतून पार जाऊ शकतो, अदृश्य होऊ शकतो, वाटेल त्या वेगाने फिरू शकतो, पण जाणते दिग्दर्शक त्याला खऱ्या कॅमेऱ्याच्या मर्यादा घालून घेतात. खरे भिंग जसे वागते, खरा कॅमेरा जसा थोडा जड असतो, तसाच हाही वागला तर प्रेक्षक समोरच्या जगावर विश्वास ठेवतो.

आता अ‍ॅनिमेशन, म्हणजे प्रत्यक्ष अभिनयाचा टप्पा. येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एखादी हालचाल किती फ्रेममध्ये पुरी होते, हा झाला काळ. आणि त्या फ्रेममध्ये वस्तू कोठे कोठे असते, म्हणजे दोन स्थानांमध्ये किती अंतर पडते, हा झाला अंतराचा हिशेब. एकाच उंचीवरून निघालेला चेंडू बारा फ्रेममध्ये जमिनीवर येतो असे समजू. प्रत्येक फ्रेममध्ये तो सारखेच अंतर खाली आला, तर तो पडतो आहे असे वाटणारच नाही; कोणीतरी त्याला अदृश्य हाताने खाली आणत आहे असे वाटेल. खरी वस्तू पडताना समान कालखंडांत १, ३, ५, ७ अशा वाढत्या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने दाखवून दिले होते. अ‍ॅनिमेटर हे प्रमाण गणित म्हणून क्वचितच मांडतो, पण त्याच्या हातात ते मुरलेले असते. वर चित्रे दाट, खाली विरळ, एवढ्यानेच चेंडूला वजन येते. टप्पा घेताना तो जमिनीवर किती काळ टेकतो आणि परत किती वर उसळतो यावरून तो रबराचा आहे की लोखंडाचा हे कळते. रेषा तीच, वर्तुळ तेच, बदलली फक्त स्थाने, आणि तरीही पाहणाऱ्याला दोन निराळे पदार्थ दिसतात. या कलेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे.

फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन ज्येष्ठ अ‍ॅनिमेटरांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशी बारा तत्त्वे नोंदवली. ती त्यांच्या पिढीने १९३०च्या दशकापासून प्रत्यक्ष काम करता करता शोधून काढली होती. वस्तू दाबली की पसरते आणि ताणली की बारीक होते, मात्र तिचे एकूण आकारमान बदलू नये, हे त्यांतले एक तत्त्व. उडी मारण्यापूर्वी पात्र आधी खाली बसते, फेकण्यापूर्वी हात मागे नेते. ही पूर्वतयारी दाखवली नाही तर प्रेक्षकाची नजर कृतीच्या वेळी भलतीकडेच असते. पात्र थांबले तरी त्याचे केस, शेपटी, पोटाचा घेर क्षणभर पुढे जातच राहतात. सांध्यांपासून हलणारे शरीर सरळ रेषेत न जाता वक्र वाटेने जाते. यांतले प्रत्येक तत्त्व निसर्गाच्या निरीक्षणातून आलेले आहे आणि थोडे वाढवून सांगितलेले आहे. किती वाढवायचे, हाच ज्याच्या त्याच्या शैलीचा प्रश्न असतो.

संगणक येथे नेमके काय करतो? अ‍ॅनिमेटर पात्राची महत्त्वाची स्थिती एका फ्रेमवर निश्चित करतो, दुसरी स्थिती काही फ्रेमनंतर निश्चित करतो, आणि मधल्या स्थिती संगणक काढून देतो. पूर्वी सहायक चित्रकार जे करत, ते आता यंत्र करते. पण माणसाला ठाऊक असलेली गोष्ट यंत्राला ठाऊक नसते: हात चहूकडे सारख्याच सहजतेने फिरत नाही, आणि रागावलेला माणूस मान वळवतो तशी थकलेला माणूस वळवत नाही. यंत्राने भरलेली हालचाल गुळगुळीत पण निर्जीव असते, पाण्याखाली चालल्यासारखी दिसते. म्हणून अ‍ॅनिमेटर सुरुवातीला मधल्या स्थिती मुळीच भरू देत नाही. केवळ ठळक स्थितींच्या उड्या मारत जाणारे दृश्य दिग्दर्शकाला दाखवतो. त्यातला अभिनय पसंत पडला की मगच मधल्या हालचाली येतात, आणि प्रत्येक नियंत्रणाचा आलेख हाताने सुधारत जावा लागतो. बहुतेक अ‍ॅनिमेटर ते दृश्य आधी स्वतः करून पाहतात आणि त्याचे चित्रीकरण जवळ ठेवतात. पात्र विचार करत आहे असे दाखवायचे असेल, तर पुष्कळदा आधी डोळे वळतात, मग मान, मग धड. विचार बदलतो त्या क्षणी पापणी मिटते. इतक्या बारकाईने काम करताना मोठ्या चित्रपटांतला कुशल अ‍ॅनिमेटरही आठवड्याभरात मोजकेच सेकंद पुरे करू शकतो, आणि दैनंदिन बैठकीत दिग्दर्शकाला ते रुचले नाहीत तर तेही पुन्हा करावे लागतात.

मधल्या फ्रेम किती भरायच्या, हा निर्णय कथा सांगण्यासाठीही वापरता येतो. २०१८ सालच्या ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात संगणकीय पात्रेही अनेक ठिकाणी दोन दोन फ्रेम एकाच स्थितीत ठेवली होती. जंगलातल्या एका प्रसंगात नवखा नायक अशा तुटक गतीने आणि त्याच्यासोबतचा अनुभवी स्पायडर-मॅन प्रत्येक फ्रेमला बदलणाऱ्या सहज गतीने हलतो. संवादातला एक शब्दही न वापरता दोघांच्या तयारीतला फरक दिसतो.

नटांच्या शरीरावर खुणा लावून त्यांची हालचाल थेट संगणकात उतरवण्याचे तंत्रही वापरात आहे. ते उपयुक्त असले तरी त्याने अ‍ॅनिमेटरची गरज संपत नाही, कारण टिपलेली माहिती साफ करावी लागते आणि माणसाहून निराळ्या बांध्याच्या पात्रावर बसवताना नव्याने घडवावी लागते. शिवाय जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांविषयी बोलताना जे मांडले, ते येथेही लागू पडते: आकृती माणसाच्या अगदी जवळ पोहोचली पण पुरती माणूस झाली नाही, तर ती आवडण्याऐवजी अस्वस्थ करते.

केस, कापड, पाणी, धूर, बर्फ यांच्या असंख्य कणांची हालचाल हाताने करणे अशक्य असते. तेथे भौतिकशास्त्राच्या नियमांवर चालणारी गणिते यंत्राकडून सोडवून घेतली जातात. २००१ सालच्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधल्या सली या केसाळ पात्राच्या अंगावर २३ लाखांहून अधिक केस होते. त्यांची हालचाल आणि परस्परांवर पडणारी सावली यांसाठी स्वतंत्र प्रणाली लिहावी लागली. पण या ठिकाणीही निर्णय माणसाचाच असतो. गणिताने अचूक काढलेला कपडा नेमका भावनेच्या क्षणी पात्राच्या चेहऱ्यावर येऊ शकतो, आणि अचूक लाट कथेला हवी तेथे फुटेलच असे नाही. त्यामुळे हे कलावंत भौतिकशास्त्राला थोडे वाकवतात, पण ते वाकवले आहे हे कळू देत नाहीत.

सर्व काही जागेवर आल्यानंतर अंधारातल्या या जगात प्रकाश आणला जातो. प्रकाशयोजनाकार आभासी दिवे ठेवतो, दिवसाची वेळ दाखवतो, प्रेक्षकाची नजर जेथे जावी तेथे उजेड आणि बाकी ठिकाणी सौम्य छाया ठेवतो. त्यानंतरची गणना म्हणजे रेंडरिंग. प्रत्येक फ्रेममध्ये लाखो बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूचा रंग काढण्यासाठी संगणक कॅमेऱ्यातून उलट दिशेने किरण सोडतो. तो किरण कशावर आदळतो, तेथून कोठे परावर्तित होतो, वाटेत लाल भिंत लागली तर तिची छटा घेऊन कोठे जातो, हे तो दिव्यापर्यंत शोधत जातो. प्रकाशाच्या या सर्व प्रवासाचे समीकरण जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये मांडले. ते नेमके सोडवणे बहुतेक वेळा शक्य नसते, म्हणून यादृच्छिक दिशांना पुष्कळ किरण सोडून सरासरी काढली जाते. किरण कमी पडले तर चित्रावर वाळू उधळल्यासारखे ठिपके दिसतात. हे ठिपके ओळखून पुसणाऱ्या प्रणाली अलीकडे आल्या आहेत आणि त्यांनी बराच वेळ वाचतो.

एका फ्रेमला समजा २० तास लागले, तर ९० मिनिटांच्या चित्रपटाला एकाच संगणकावर २५,९२,००० तास, म्हणजे सुमारे २९६ वर्षे लागतील. म्हणून हजारो प्रोसेसर एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेमवर काम करतात. संगणक इतके वेगवान होऊनही एका फ्रेमला लागणारा वेळ फारसा का घटत नाही, असा प्रश्न येथे पडतो. संगणकीय चित्रणातले तज्ज्ञ जिम ब्लिन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियमच सांगतो की तो घटणार नाही: यंत्र वेगवान झाले की कलावंत अधिक केस, अधिक पाने, अधिक खरा प्रकाश मागतात आणि वाचलेला वेळ त्यात खर्च होतो.

पात्रे, पार्श्वभूमी, धुके, ठिणग्या असे वेगवेगळे रेंडर झालेले थर शेवटी कम्पोझिटिंगमध्ये एकत्र येतात, आणि संपूर्ण चित्रपटाचे रंग एकसंध केले जातात. ध्वनीच्या बाबतीतही पहिल्या परिच्छेदातला नियम तसाच लागू होतो. साध्या चित्रपटात चित्रीकरणाच्या जागेचा आवाज निदान आधाराला तरी असतो. येथे कलाकारांच्या संवादांपलीकडे काहीच नसते. पावले, कपड्यांची सळसळ, खुर्चीची कुरकुर, रिकाम्या खोलीतली शांतताही ध्वनिकलावंतांना तयार करावी लागते, आणि संगीतकार पुष्कळदा दृश्ये अर्धवट असतानाच त्यांच्या लांबीवर सुरावट बसवत असतो.

शेवटचे काम इतर भाषांच्या आवृत्त्यांचे. पात्रांचे ओठ मूळ भाषेच्या ध्वनींनुसार हललेले असतात, त्यामुळे अनुवादकाला अर्थाबरोबर ओठ मिटण्याच्या जागाही सांभाळाव्या लागतात. दृश्यातली प्रत्येक वस्तू माणसांनी बनवलेली असल्यामुळे आवश्यक तेथे ती बदलताही येते. दुकानाच्या पाट्या, पत्रातला मजकूर हे निरनिराळ्या भाषांत पुन्हा रेंडर केले जातात. २०१५ सालच्या ‘इनसाइड आउट’मध्ये लहान मुलगी ब्रोकोलीला नाक मुरडते, पण जपानमधल्या आवृत्तीत तिच्या पुढ्यातल्या ब्रोकोलीच्या जागी हिरवी ढोबळी मिरची ठेवण्यात आली, कारण तेथल्या मुलांची नावडती भाजी ती होती.